होबाई

माझ्या वहिनीला हॉस्पिटलात सगळे होबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. डॉक्टरांनी हात टेकले, नातेवाईक हटून बसले, पेशंटनं भिंतीकडे तोंड फिरवलं, की कोणीतरी म्हणायचं, "होबाईला बोलवा." मग ती यायची, आणि थोड्या वेळानं माणूस हो म्हणून मोकळा. ऑपरेशनला हो, रक्त चढवायला हो, मशीन बंद करायलासुद्धा हो. तिच्या हुद्द्याचं खरं नाव लांबलचक होतं, दारावरच्या पाटीत मावत नव्हतं. ती पाटी माझ्या भावानंच रंगवली होती आणि जागा संपली म्हणून निम्मं नाव गाळून टाकलं होतं. कोणी तक्रार केली नाही.

मी त्या भावाची धाकटी बहीण, म्हणजे होबाईची नणंद. बस डेपोत तिकीटखिडकीवर बसते. माझ्या कामात कुणाचं मन वळवावं लागत नाही. गाडी असते किंवा नसते. जागा असते किंवा नसते. कोणी हुज्जत घातली तर मी खिडकी लावून घेते. म्हणून असेल, पण गोड बोलून काम काढणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. दादानं ही मुलगी पसंत केली तेव्हा मी आईला म्हटलं होतं, "ही याला भर बाजारात विकून येईल आणि हा वर तिलाच थँक्यू म्हणेल." आई म्हणाली, "तुझ्यासारखी भांडकुदळ आणण्यापेक्षा बरी." विषय संपला.

हॉस्पिटलाच्या आधी वहिनी शाळेत होती, मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करायची. स्टेजवर पाय लटपटणाऱ्या पोरांना ती काय सांगायची कोण जाणे, पण ती पोरं सभा जिंकून यायची. त्यातल्या एका मुलीचे वडील हॉस्पिटल चालवणाऱ्यांपैकी होते. त्यांनी वहिनीला शाळेतून अक्षरशः उचललं. म्हणाले, "आमच्या डॉक्टरांना शरीर कळतं, माणसाशी बोलता येत नाही. तुम्ही बोला."

तिची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, जिथे कॉरिडॉर संपतो तिथे. मी एकदा तिला डबा द्यायला गेले होते तेव्हा नीट बघितली. मध्ये टेबल नव्हतं. टेबल आलं की माणूस सरकारी कचेरीत आल्यासारखा आखडतो, असं तिचं म्हणणं. खुर्च्या साध्या, पण एक इतरांपेक्षा बुटकी. ती स्वतः त्या बुटक्या खुर्चीवर बसायची. समोरच्यानं तिच्याकडे वरून खाली बघावं, म्हणजे त्याची भीड चेपते. दार कधी पूर्ण लावायचं नाही, उठून जाता येईल असं वाटलं की माणूस बसून राहतो. डोळे पुसायच्या कागदांचा डबा समोर ठेवायचा नाही, पाठीमागे खिडकीत ठेवायचा, नाहीतर आत येतायेताच लोकांच्या तोंडचं पाणी पळतं. आधी दोन बारक्या गोष्टींना हो म्हणवून घ्यायचं. पंखा कमी करू का? खुर्ची इकडे ओढू का? 'पण' हा शब्द जिभेवर आणायचा नाही. आणि 'कापणे' हा शब्द तर आपण कधीच उच्चारायचा नाही, तो समोरच्यालाच उच्चारू द्यायचा. त्यानं तो एकदा तोंडातून काढला की त्याची निम्मी भीती बाहेर पडते.

हे सगळं तिनं मला भाजी निवडतानिवडता सांगितलं होतं. मी विचारलं, "आणि माझ्यावर यातलं काय काय करतेस?" ती हसली. "वन्सं, तुमच्यापुढे माझी डाळ कुठे शिजते? तुम्ही ऐकतच नाही. न ऐकणाऱ्यावर काहीच चालत नाही."

दादा बोर्ड रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, शटरवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. सुतानं रेघ मारायची, खडूनं अक्षर बेतायचं, मग शिडीवर चढून तेलरंगात भरायचं. छापील फलक आल्यावर धंदा बसला, तरी जुनी गिऱ्हाइकं त्याला सोडायला तयार नव्हती. तो मुळात कमी बोलायचा. बोर्डवर चार शब्दांच्या वर लिहिलं की माणूस न वाचता पुढे जातो, हे त्याचं तत्त्व, आणि घरातही तो तेच पाळायचा. हॉस्पिटलाच्या जिन्यात 'शांतता राखा' असा बोर्ड होता आणि तिथेच सगळ्यात जास्त गलका. वहिनीनं त्याला विचारलं, काय करता येईल? त्यानं दोन दिवस विचार केला आणि नवा बोर्ड रंगवून दिला: 'आत कोणीतरी झोपलंय.' त्या जिन्यात नंतर लोक चपला हातात घेऊन चढताना मी स्वतः पाहिलेत. असे ते दोघं. मूल नव्हतं. एकमेकांत बुडालेले होते, आणि कधीकधी मला त्याचा वैतागही यायचा.

संध्याकाळी त्यांचा एक खेळ चालायचा. खेळ म्हणजे वहिनीची दुसऱ्या दिवशीची तयारी. मागच्या मोरीत दादा टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायचा, ती ओट्यापाशी उभी राहून त्याला उद्याचा पेशंट सांगायची, आणि दादा तो पेशंट व्हायचा. नाही म्हणायचं काम त्याच्याकडे. आणि हा एरवी मुखदुर्बळ माणूस नाही म्हणण्यात असा काही रंगायचा की बघत राहावं.

"मी म्हातारी आहे," तो ब्रश झटकत म्हणायचा. "माझा मुलगा परगावी असतो. तो आल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाही."

"आजी, मुलाची वाट बघायला हवीच," वहिनी म्हणायची. "तो आला की त्याला काय काय सांगायचंय तुम्हाला?"

"काही नाही सांगायचं. त्याला बघायचंय."

"मग बघायला डोळे तर शाबूत ठेवू या."

"हे फसवं आहे," दादा लगेच म्हणायचा. "ऑपरेशन पोटाचं आहे. म्हातारी एवढी बावळट नाही. दुसरं काढ."

मग ती दुसरं काढायची. त्यालाही तो हाणून पाडायचा. एकदा तो नमला आणि "बरं, जिंकलीस, वाढ आता" म्हणाला, की वहिनी निर्धास्त झोपायची. दादाला पटलं म्हणजे उद्याच्या माणसाला पटलंच. वर्षानुवर्षं हे चाललं. तिनं जगातला प्रत्येक युक्तिवाद त्याच्यावर आधी वापरला, आणि त्यानं जगातला प्रत्येक नकार तिच्याजवळ आधी देऊन टाकला. मला वाटायचं, दोघं वेडे आहेत, निदान टीव्ही तरी लावा.

मग त्याच्या पायाला झालं. साखर होतीच त्याला. रंगाचा डबा डाव्या अंगठ्यावर पडला आणि त्याला कळलंही नाही, कारण त्या पायातली जाणीव आधीच गेली होती. बोट काळं पडलं तेव्हा त्यानं मोजा चढवला. मोज्याला वास यायला लागला तेव्हा त्यानं मोज्यावर मोजा चढवला. आणि आमची होबाई, जी परक्या माणसाच्या नुसत्या पापणीवरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायची, तिला रोज शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याचा पाय दिसला नाही. याबद्दल मी तिला बोलले. चांगली कडकडून बोलले.

सर्जननं बघितलं आणि सरळ सांगितलं. गुडघ्याखाली काढावा लागेल. लवकर काढला तर गुडघा राहील, गुडघा राहिला तर चालता येईल. थांबलो तर विष वर चढत जाईल. सर्जन तरुण होती, तुटक बोलायची. तिनं वहिनीकडे बघून म्हटलं, "तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच समजावा."

दादा म्हणाला, "नाही."

वहिनी पलंगाशेजारी स्टुलावर बसली. दादानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. "बुटकं स्टूल शोधलंस. चल, पुढचं काढ."

सुरुवातीला त्याला तो खेळच वाटत होता. निदान तो तसं दाखवत होता. ती बोलायची, तो तिचा पुढचा शब्द आधीच सांगायचा. "आता विचारशील, घरी कोण वाट बघतंय." तिला तेच विचारायचं असायचं. "आता गप्प बसशील आणि माझ्याकडून 'कापणे' म्हणवून घेशील. घे. कापणे. झालं?" मी दारात उभी. मला हसूही येत होतं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. वहिनीनं पंखा कमी करायला हात वर केला तेव्हा तो म्हणाला, "पंखा राहू दे." तिचा हात तसाच वर राहिला, आणि मग तिनं तो हळूच खाली घेतला.

तो का नाही म्हणत होता हे मी त्याला एकटीनं विचारलं. वहिनी खाली गेली होती. मी म्हटलं, "दादा, हा चावटपणा पुरे. तुला नक्की कशाची भीती वाटते?"

"तुला सांगितलं तर तू तिला सांगशील."

"मग काय झालं?"

"तिच्याकडे त्याचं उत्तर असेल," दादा म्हणाला. "मी काहीही म्हटलं तरी तिच्याकडे उत्तर आहे. मीच तयार करून घेतलंय ते. ही एकच गोष्ट माझी मला राहू दे. तिला उत्तर नको."

त्यापुढे त्यानं ब्र काढला नाही. मला आजतागायत माहीत नाही की त्याला कशाची भीती होती. शिडीची असेल. उचलून नेलं जाण्याची असेल. की नुसतीच भीती, नाव नसलेली. माणसाला घाबरायलाही थोडी एकांताची जागा लागते, आणि त्या घरात तेवढीच नव्हती.

मग वहिनीनं ओळखीच्या एका बेकरीवाल्याला आणलं. हा तिचा हुकमी उपाय. जो माणूस कुणाच्या बोलण्यानं वळत नाही, त्याच्यासमोर बोलायचं नाहीच, पाय गेलेला आणि धडधाकट चालणारा माणूस नुसता उभा करायचा. आणि तोही ठरवून आणलाय असं दाखवायचं नाही. सहज, तपासणीला आला होता, वाटेत भेटला, असा. बेकरीवाल्याचा पाय पुष्कळ वर्षांपूर्वी गेला होता आणि तो दिवसभर भट्टीपाशी उभा राहायचा. त्याच्याइतकं सफाईदार चालणारं तिच्या ओळखीत दुसरं कोणी नव्हतं. त्याला तिनं सांगितलं, एक पेशंट आहेत, हटून बसलेत. नवरा आहे हे सांगितलं नाही. का, तर नवरा म्हटलं की तो भीड धरून बोलेल, आणि भिडेनं बोललेलं ऐकणाऱ्याला कळतं. मला हे तिनं जिन्यात सांगितलं. मी म्हटलं, "अगं, सरळ सांगून टाक ना त्याला, आणि दादालाही." ती म्हणाली, "वन्सं, हे मला करू द्या. हे मला येतं."

बेकरीवाला आला. जाडजूड, हसरा, बाह्यांवर पीठ. हातात ताज्या पावाची पिशवी. वहिनीनं "अय्या, तुम्ही इकडे कुठे?" असं इतकं अचूक म्हटलं की क्षणभर मीही फसले. दादा फसला नाही. पण तो त्या माणसाकडे बघत होता. बेकरीवाल्यानं पँट वर केली, खोट्या पायाच्या नळीवर टकटक वाजवलं, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आणि मग दादानं प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पायऱ्या?"

"दाणदाण चढतो. उतरताना जरा बेतानं."

"खाली बसून उठता येतं?"

"येतं की. आधी धडपडायचो. आता सवय झाली."

"दुखतं?"

"खोटं कशाला बोलू, थंडीत दुखतं. गंमत म्हणजे जो नाही तोच दुखतो."

दादा कोपरावर रेलून उठून बसला होता. कित्येक दिवसांत मी त्याला असं पुढे झुकलेलं पाहिलं नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी होती. मला वाटलं, झालं. आता हा हो म्हणणार. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, आणि हे माझ्या बाबतीत फारच झालं.

बेकरीवाला खुशीत आला. "मी पण असाच अडून बसलो होतो हो! डॉक्टरांना शिव्या घातल्या. मग या बाई आल्या. मी म्हटलं, तुम्हाला बोलायला काय जातंय, तुमच्या घरात गेलाय का कुणाचा पाय? तर म्हणाल्या, गेलाय. माझ्या नवऱ्याचा. डावा, तुमच्यासारखाच. आणि आज तो शिडीवर चढून बोर्ड रंगवतो. बस्स. तिथे माझी वाचाच बसली."

त्यानं पँट खाली केली.

"त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही," बेकरीवाला म्हणाला, "पण खरं सांगू का, पहिली काही वर्षं मी त्याच्या जिवावर काढली. सकाळी पाय चढवताना जीव नकोसा व्हायचा. मग म्हणायचो, अरे, तो शिडीवर चढतो, तुला जमिनीवर उभं राहवेना? बाई, एकदा भेटवा ना त्यांना. मला पाया पडायचंय."

मी तोंड उघडलं होतं. मी बोललेच असते, माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. दादानं माझ्या मनगटावर हात ठेवला. चादर त्याच्या कमरेपर्यंत होती, तिच्याखाली त्याचे दोन पाय.

"चांगला माणूस असेल," दादा म्हणाला.

"देवमाणूस," बेकरीवाला म्हणाला. पावाची पिशवी उशाशी ठेवून, "हो म्हणून टाका" असं सांगून तो गेला. त्याची पावलं कॉरिडॉरमध्ये लांबपर्यंत ऐकू येत होती, एक जड आणि एक हलकं.

वहिनी खिडकीपाशीच होती. दादानं तिला विचारलं, "किती जणांना सांगितलंस?"

"आठवत नाही."

"मी नीट चढतो ना शिडीवर? पडत नाही ना?"

"अहो..."

"म्हणजे माझा पाय तू कधीच कापलास. मला न विचारता." त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "संध्याकाळी ब्रश धुताना मी तुझ्यासमोर उभा असायचो, दोन पायांवर. तेव्हा कधी वाटलं नाही तुला की याला सांगावं?"

"लोक वाचले," वहिनी म्हणाली. "तो वाचला."

"वाचला," दादा म्हणाला. "पण आता मला कोणाचा पाय दाखवणार? सगळ्यात चांगला नमुना तर मीच होतो."

नंतर कॉरिडॉरमध्ये मी तिला धरलं. विचारलं, इथे त्याचा जीव जातोय आणि तू नेमक्या त्याच माणसाला आणलंस? ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मला वाटलं त्याला खेळाडूची गोष्ट सांगितली होती. एक खेळाडू आहे, पाय गेल्यावर पोहायला शिकलेला. मला वाटलं, बेकरीवाल्याला ती." मग म्हणाली, "तो खेळाडूही नाहीये कुठे." मी तिला तिथेच सोडून खाली उतरले आणि रस्त्यावर येऊन रडले. आमचं माणूस जात होतं, आणि कोणती थाप कुणाला मारली यात ही चुकली होती.

त्या दिवसानंतर दादानं नकार लिहून दिला. सही केली, सुरेख अक्षरात, त्याचं अक्षर सुरेखच होतं.

वहिनीनं आणखी एकदाच प्रयत्न केला. भर दुपारी. मी त्याच खोलीत खुर्चीवर बसले होते. ती आली ती स्टुलावर बसली नाही, सरळ पलंगावर त्याच्या कमरेशी बसली, सलाइनच्या नळीवर बसता बसता वाचली. केस विस्कटलेले. तिनं त्याचा हात धरला आणि तिला काही बोलताच येईना. ओठ नुसते हलत होते. ज्या बाईपुढे अख्खं हॉस्पिटल गप्प व्हायचं, तिला वाक्य सापडेना. शेवटी म्हणाली, "तू मला हवायस. मला एकटीला नाही राहता येणार रे. बाकी मला काही येत नाही." जन्मभर त्याला 'अहो' म्हणणारी माझी वहिनी. नाक गळत होतं, ते तिनं पदराला पुसलं नाही की हाताला. मी बघत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही खरं बोलतेय. माझ्यासारखीला कळलं.

दादाच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिचा हात थोपटला.

"हे छान आहे," तो म्हणाला. "हे कुणावर वापरलं होतंस?"

तो टोमणा नव्हता. मी त्याची बहीण आहे, त्याचा टोमणा मला कळतो. त्याला खरोखर समजत नव्हतं. तिच्या तोंडून येणारी कुठली गोष्ट फक्त त्याच्यासाठी असेल, हे ओळखायची खूणच त्याच्याजवळ उरली नव्हती. वहिनी उठली, तोंडावर हात दाबून बाहेर गेली, आणि तिथून पुढे तिनं त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

मग ताप चढला. दादा बरळायला लागला, बोर्डाची मापं सांगायला लागला, मग तेही थांबलं. सर्जननं आम्हाला बाहेर बोलावलं. "शुद्धीत असताना त्यांनी नाही म्हटलंय. आता शुद्ध नाही. पत्नी म्हणून तुम्ही काय म्हणता ते सांगा. आज केलं तर मांडीतून काढावा लागेल. निम्मी आशा आहे. उद्या एवढीही नसेल."

मी म्हटलं, "करा. विचारताय काय?"

"तुमची सही चालणार नाही," सर्जन म्हणाली. "त्यांची लागेल."

मी वहिनीला हलवलं. त्या दिवशी मी काय काय बोलले असेन! आयुष्यात कुणाचं मन वळवलं नाही ती मी, तिच्या विनवण्या केल्या, तिला शिव्या दिल्या, तिचे पाय धरले. कॉरिडॉरमधले लोक थांबून बघत होते. मी म्हटलं, "सगळ्या जगाच्या सह्या घेतल्यास, आता एक तुझी दे!"

"त्यांनी नाही म्हटलंय," वहिनी म्हणाली.

"अगं, तो शुद्धीत नाहीये!"

"तेव्हा होते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी आजवर एकाचंही 'नाही' ऐकलं नाही, वन्सं. माणूस नाही म्हणाला की मी लगेच पुढचं वाक्य शोधायला लागायचे. यांचं तरी ऐकते. एवढं तरी यांना देते."

सर्जन वाट बघत थांबली, मग गेली. मी वहिनीशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत, पलंगाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी बसून होतो आणि मध्ये तो श्वास घेत होता.

सकाळी उजाडल्यावर दादानं डोळे उघडले. अगदी स्वच्छ. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. वहिनी टॉवेल पिळत होती, मी उभी होते. कोणी काही बोललं नव्हतं, कोणी काही विचारलं नव्हतं.

"ऐकतेस का," तो वहिनीला म्हणाला. "काढून टाकू दे तो पाय. फार दुखतंय. मला घरी जायचंय."

टॉवेल तिच्या हातातून खाली पडला. ती अनवाणी धावली. मी तिच्यामागे. सर्जन तिसऱ्या मजल्यावर सापडली, खाली आली, त्याला तपासलं, चादर पांघरली, आम्हाला बाहेर नेलं. "आता नाही," ती म्हणाली. "आता पोटापर्यंत आहे. टेबलावरच जातील. आहेत तेवढा वेळ जवळ बसा." वहिनीनं तिला काहीच म्हटलं नाही, एक शब्द नाही, 'बघा ना' नाही, 'प्रयत्न करा' नाही. शेजारच्या बेसिनमध्ये तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले आणि आत गेली.

दादा दाराकडेच बघत होता.

"हो म्हणाल्या," वहिनी म्हणाली. "उद्या सकाळी. पहिला नंबर तुमचा."

"उपाशी ठेवणार?"

"हो. म्हणून तर आज काही खायला देणार नाहीत."

"आणि घरी?"

"टाके काढले की लगेच. मागची खोली झाडून ठेवायला सांगते आजच."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मी मुठी आवळून उभी होते. ज्या माणसानं आयुष्यभर तिचं प्रत्येक वाक्य पकडलं, तो आता हे पकडेल, आता म्हणेल 'हे फसवं आहे, दुसरं काढ', असं मला वाटत होतं. मी, जिला खोट्याची चीड, मी मनात म्हणत होते, नको रे पकडूस, एवढं एक नको पकडूस. त्यानं एकही शंका काढली नाही. "बरं," म्हणाला, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो तसाच झोपला आणि दुपारी गेला.

पुढची धावपळ, कागद, माणसं, सगळं झालं. घरी आल्यावर वहिनी मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली. खोली झाडलेली नव्हती. तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"वन्सं, काल मी सही दिली असती तर?"

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला माहीत आहे. कोणालाही माहीत असतं. नशिबात नव्हतं म्हणायचं, डॉक्टरांनीही निम्मीच आशा सांगितली होती म्हणायचं, तू त्याचं ऐकलंस हेच बरोबर म्हणायचं. ती माझ्या जागी असती तर तिला त्याहून चांगलं सुचलं असतं, आणि ते मला पटलंही असतं.

"वाचला असता," मी म्हटलं. दुसरं काही बोलायला मला येत नाही.